मायनरचा पुढचा पाय

गेले चार वीकांत मी हात घासतोय आणि नखांतलं ग्रीस काही जात नाहीये. सोमवारी मीटिंगला कॅमेरा चालू केला की हात गुपचूप टेबलाखाली. मेकॅनिकलची डिग्री घेऊन सहा वर्षं जावा लिहिणाऱ्या माणसाच्या आयुष्यात हा प्रसंग इतक्या उशिरा यावा ही खरं तर लाजेची गोष्ट. असो.

तर झालं असं. सध्या मी ऑनसाइट, ऑक्सफर्डला आहे. फोटोतलं कॉलेजांचं ऑक्सफर्ड नव्हे, काउलीच्या बाजूचं, जिथे भाडं त्यातल्या त्यात परवडतं. शेजारी एक आजोबा राहतात, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे १९६६ सालची मॉरिस मायनर आहे. फिकट निळी, गोलमटोल, समोरून बघितली की झोपेतून उठवलेल्या लहान मुलासारखी दिसते. ती गाडी शोभेची नाही. दर शनिवारी दोन नातवंडांना मागे बसवून आजोबा पोहायला घेऊन जातात.

तिचा पुढचा डावीकडचा शॉकअप तेल गाळायला लागला होता. स्पीडब्रेकर ओलांडला की गाडी तीन-चार वेळा मान डोलवायची. आजोबांनी सहज मला विचारलं, मी दोन संध्याकाळ वाचन केलं आणि निकाल देऊन टाकला: हे जुनाट लिव्हरवाले शॉकअप काढा, पुढे नळीवाले टेलिस्कोपिक बसवा, तयार किट मिळतं, घरच्या घरी दोन दिवसांचं काम. आजोबा म्हणाले, "तू इंजिनिअर आहेस, तू म्हणतोस तर करू." आठवड्याभरात खोकं आलं.

खोकं उघडल्यावर पहिला धक्का. किटच्या माहितीपत्रकात लिहिलेलं होतं की जुना शॉकअप काढायचा नाही. आतली झडप काढून टाकायची, पण डबा आणि दांडी जागेवर ठेवायची. म्हणजे नवा शॉकअप बसवायचा आणि जुनाही ठेवायचा! हे वाचून मला आमच्या प्रोजेक्टमधलं एक मॉड्यूल आठवलं, जे कोणी वापरत नाही पण काढलं तर बिल्ड पडतो. असं का, हे शोधता शोधता मी थेट १९३०च्या दशकात जाऊन पोचलो. ती गोष्ट आधी सांगतो, मग गाडीकडे येऊ.

त्या काळापर्यंत बहुतेक मोटारींना पुढे बैलगाडीच्या आसासारखा एक आडवा आस असायचा आणि त्याच्यावर पाटे. डावं चाक खड्ड्यात गेलं की उजवंही कलणार. पाटे मऊ करावेत तर पुढची चाकं थरथरायला लागायची, म्हणून ते कडकच ठेवायचे, आणि बसणाऱ्याची हाडं मोकळी व्हायची. मॉरिस ओली नावाचा इंग्रज इंजिनिअर रोल्स रॉइसमधून अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये गेला. त्याने एका गाडीवर वजनं लटकवून, ती पुढेमागे सरकवून, माणसाला नक्की कशाने मळमळतं याचे प्रयोग केले. निष्कर्ष असा की पुढचं स्प्रिंग मागच्यापेक्षा मऊ पाहिजे. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, पुढची बाजू संथ डोलली तर मागची तिला गाठते आणि गाडी सपाट राहते. आता पुढचं मऊ करायचं तर आडवा आस चालणार नाही, प्रत्येक चाक स्वतंत्र पाहिजे. १९३४च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सच्या गाड्यांना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आलं. त्याच वर्षी फ्रान्समध्ये सित्रोएनची ट्रॅक्शन अवां आली. तिच्यात स्प्रिंगच्या जागी पोलादी सळया होत्या, टॉर्शन बार.

टॉर्शन बार म्हणजे काय, तर ओला पंचा पिळतो तसं. लांब पोलादी सळईचं एक टोक गाडीच्या तळाला घट्ट बसवायचं आणि दुसरं चाकाच्या खालच्या आर्मला. चाक वर गेलं की सळई पिळली जाते आणि परत उलगडते. उंचीला जागा लागत नाही, आणि चाकाचा भार थेट गाडीच्या मध्यापर्यंत नेता येतो.

इकडे इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक इसिगोनिस नावाचा तरुण हे सगळं बघत होता. जन्म १९०६, स्मर्ना, म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं इझमीर. १९२२ साली युद्धात ते शहर पडलं, घरदार सुटलं, आणि तो आईबरोबर इंग्लंडला आला. लंडनच्या बॅटरसी पॉलिटेक्निकमध्ये शिकला आणि गणितात तीन वेळा नापास झाला (हे वाचून आमच्या एम-थ्रीच्या तमाम बॅकलॉगवाल्यांना बरं वाटेल). नोकरीच्या बाहेर, शनिवार-रविवारी, मित्र जॉर्ज डाउसनबरोबर त्याने घरी एक रेसिंग कार बांधायला घेतली, लाइटवेट स्पेशल. अ‍ॅल्युमिनियम चढवलेल्या प्लायवूडची बॉडी, ऑस्टिन सेव्हनचं इंजिन, आणि सस्पेन्शन रबराचं. हाताच्या अवजारांनी काम करत करत ती पुरी व्हायला १९३८ उजाडलं. मला या माणसात सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच. पुढे ज्याच्या सस्पेन्शनवर लाखो लोक फिरले, तो ते एका घरगुती गॅरेजमध्ये वीकांताला शिकला.

१९३६ साली तो काउलीला मॉरिस कंपनीत लागला. काम: पुढचं स्वतंत्र सस्पेन्शन. त्याने आणि जॅक डॅनियल्सने कॉइल स्प्रिंगचं एक डिझाइन केलं, मॉरिस टेनसाठी. महाग पडतं म्हणून कंपनीने ते बाजूला ठेवलं आणि टेन आडव्या आसावरच विकली. ते डिझाइन युद्धानंतर १९४७ साली एमजीच्या वाय टाइपमध्ये बाहेर आलं. त्याची आठवण ठेवा, पुढे लागणार आहे.

युद्ध चालू असतानाच इसिगोनिसने नव्या छोट्या गाडीचं काम सुरू केलं, तेव्हा तिचं नाव मॉस्किटो. तीच १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात मॉरिस मायनर म्हणून आली. कंपनीचे मालक लॉर्ड नफिल्ड यांना ती अजिबात आवडली नव्हती, ते तिला पाण्यात शिजवलेलं अंडं म्हणायचे. अगदी शेवटच्या टप्प्यात इसिगोनिसला ती अरुंद वाटली, म्हणून त्याने नमुन्याची गाडी मधोमध उभी कापायला लावली आणि दोन भाग चार इंच लांब ठेवून बघितले. हां, आता बरी दिसते! पण बंपर आधीच बनून पडले होते, म्हणून सुरुवातीच्या गाड्यांचे बंपर मधे कापून पट्टी लावलेली आहे. रिलीजच्या आदल्या रात्री स्कोप बदलणारा क्लायंट तेव्हाही होता तर.

आता मुद्द्याची गोष्ट. मायनरला पुढे टॉर्शन बार दिले आणि पैसे वाचवायला एक युक्ती केली. आपल्याकडे शॉकअप म्हटलं की लांबट नळी डोळ्यासमोर येते. मायनरचा तसा नाही. तो ओतीव धातूचा एक डबा आहे, आत तेल, तेलात दट्ट्या, आणि डब्यातून बाहेर आलेली एक दांडी. चाक वर-खाली झालं की दांडी हलते आणि दट्ट्या तेलाला बारीक झडपेतून ढकलतो. तेल सहजासहजी जात नाही, म्हणून स्प्रिंगचं नाचणं थांबतं. चाकाला वरून आणि खालून धरायला दोन आर्म लागतातच. मग वरचा आर्म वेगळा कशाला करायचा? शॉकअपची दांडी हाच वरचा आर्म! एका भागात दोन कामं, एक भाग कमी, खर्च कमी.

म्हणून किटवाले जुना डबा काढू देत नाहीत. तो काढला तर चाकाचं वरचं टोक हवेत.

कागदावर ही युक्ती सुरेखच आहे. तिची किंमत पुढे कळते. डब्यात तेल थोडं, दट्ट्याची हालचाल तोकडी, त्यामुळे दाब भयंकर. खराब रस्त्यावर तेल तापून पातळ होतं आणि शॉकअप ढेपाळतो, सील गळायला लागतं. नळीवाल्यात तेल जास्त, चाल लांब, आणि बाहेरून वारा लागतो. इसिगोनिसला हे कळत नव्हतं असं अजिबात नाही. १९५२ साली तो नोकरी सोडून अल्व्हिसमध्ये गेला, १९५५च्या अखेरीस परत आला, आणि १९५९ साली त्याने मिनी काढली. मिनीत स्प्रिंगच्या जागी रबराचे कोन (घरच्या गॅरेजमधलं रबर, वीस वर्षांनी!) आणि चारही चाकांना नळीवाले शॉकअप. म्हणजे ज्याने मायनरची दांडी बसवली तो स्वतः अकरा वर्षांत पुढे निघून गेला होता.

कंपनी गेली नाही. मायनरचं इंजिन वाढत गेलं, ९१८ सीसीवरून मधे ८०३, मग ९४८, मग १०९८. समोरची दोन तुकड्यांची काच १९५६ साली एकसंध झाली. डिसेंबर १९६० मध्ये दहा लाखावी मायनर बाहेर पडली, आणि दहा लाखांचा टप्पा गाठणारी ती पहिली ब्रिटिश गाडी ठरली. पण पुढचा पाय तोच. १९७१ साली मायनर बंद झाली, सोळा लाखांच्या आसपास गाड्या करून. आणि त्याच साली तिच्या जागी आलेल्या मॉरिस मरिनामध्ये काय बसवलं? तेच टॉर्शन बार, तेच लिव्हर शॉकअप! कंपनीची घाई होती, फोर्ड पुढे पळत होती, आणि मायनरच्या भागांची यंत्रसामग्री तयार होती. सुरुवातीच्या मरिना वळणावर इतक्या सरळ जाऊ बघायच्या की मोटारींच्या पत्रकारांनी ओरड केली आणि सस्पेन्शनमध्ये बदल करावा लागला. तिकडे एमजी वाय टाइपमधलं ते नाकारलेलं डिझाइन एमजीबीपर्यंत पोचलं. तिलाही वरचा आर्म म्हणून लिव्हर शॉकअपच, १९८० साली ती बंद पडेपर्यंत. पैसे वाचवायची युक्ती तीस-बत्तीस वर्षं चालली. दरवर्षी कोणीतरी म्हटलं असेलच, की चालतंय ना, मग कशाला हात लावायचा.

या पायाची एक शाखा आपल्याकडेही आली. हिंदुस्तान मोटर्सने मायनर 'बेबी हिंदुस्तान' म्हणून भारतात काढली होती. आणि तिची मोठी बहीण मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्री म्हणजेच आपली अ‍ॅम्बॅसडर, जी उत्तरपाड्याला मे २०१४ पर्यंत बनत होती. तिलाही पुढे टॉर्शन बार. मिरजेला माझ्या आजोबांकडे पांढरी अ‍ॅम्बॅसडर होती. मी सात-आठ वर्षांचा असेन. महिन्यातून एका रविवारी गल्लीतले मिस्त्री यायचे, चटई टाकून गाडीखाली जायचे आणि ग्रीसगन मारायचे. सांध्यातून जुनं काळं ग्रीस किड्यासारखं बाहेर यायचं. मला ते बघायला फार आवडायचं. आजोबा बाजूला उभे राहून प्रत्येक निपल मोजायचे. एकदा मिस्त्री म्हणाले, "आबा, एक राहिला तर काय होत नाही." आजोबा म्हणाले, "मग तोच करा आधी."

हे मला आठवलं ते शनिवारी सकाळी, मायनरखाली आडवं पडल्यावर. तोपर्यंत माझं सगळं लक्ष वरच्या डब्यावर होतं. गाडी स्टँडवर घेतली, डावं चाक वरून आणि खालून धरून हलवलं, तर खडक् आवाज. मी म्हटलं, बेअरिंग सैल असेल. आजोबांना आत बसून ब्रेक दाबून धरायला सांगितला, कारण ब्रेक दाबल्यावर बेअरिंगचा खेळ बंद होतो. परत हलवलं. खडक्.

मायनरमध्ये चाक ज्यावर वळतं तो किंगपिन दोन्ही टोकांना आट्यांचा आहे. खालच्या टोकावर नटासारखा एक तुकडा फिरवून बसवलेला असतो, त्याला ट्रनियन म्हणतात. स्टिअरिंग वळवलं की किंगपिन त्या आट्यांत जेमतेम पाव फेरा फिरतो. एका बाजूचे आटे उजवे, दुसऱ्या बाजूचे डावे. गाडीच्या त्या कोपऱ्याचं सगळं वजन या आट्यांवर येतं. म्हणून तिथे ग्रीस पाहिजे, आणि मायनर पाळणारे जुने लोक दर हजार मैलांनी ते मारतात. नाही मारलं तर आटे झिजत जातात, आणि एक दिवस ट्रनियन किंगपिनवरून सरळ सुटतो. चाक गाडीखाली मुडपून पडतं. बहुतेकदा हे पार्किंगमध्ये हळू वळवताना होतं, कारण तेव्हा स्टिअरिंग पूर्ण फिरवलेलं असतं. बहुतेकदा.

"ग्रीसिंग कधी केलं होतं?" मी विचारलं.

"सर्व्हिसिंगला देतो ना दरवर्षी. ते करतात." आजोबा म्हणाले.

मी टॉर्चने बघितलं. खालचा निपल दिसतच नव्हता. गंज लागू नये म्हणून गाडीच्या तळाला डांबरासारखा काळा थर मारतात, तो कोणीतरी त्याच्यावरूनही फासला होता. पेचकसाने खरवडला तेव्हा निपल सापडला. त्यात ग्रीसगन लावली, ग्रीस आत जाईना.

इथे चाळीस वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही. आजोबांनीही ती तेव्हापासून बंद केली होती. दरवर्षी तेल बदलून, धुऊन पुसून गाडी परत यायची. चाक वर-खाली हलवून बघितलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं, पण कोणीच बघितलं नाही. आणि मी? मीही गाडीकडे न बघता आधी किट मागवलं होतं.

सुटं करायचं काम घाबरवणारं आहे, कारण टॉर्शन बार सतत पिळलेला असतो. खालच्या आर्मखाली जॅक लावायचा, भार त्यावर घ्यायचा, आर्मचा पुढचा अर्धा भाग सोडायचा, आणि मग जॅक अगदी सावकाश उतरवायचा. पिळ मोकळा होताना त्या रेषेत आपलं डोकं, हात काही ठेवायचं नाही. ते झाल्यावर किंगपिन टेबलावर घेतला. ट्रनियन आटे फिरवून काढायचा असतो. मी तो धरून ओढला आणि तो हातात आला.

आत आटे नव्हतेच. गुळगुळीत भोक, आणि कडेला चहाच्या भुकटीसारखा गंजाचा चुरा. एखाद-दीड आट्याचा झिजका काठ शिल्लक होता, त्यावर गाडी उभी होती. आजोबांनी तो तुकडा हातात घेतला, करंगळी आत घालून फिरवली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग फक्त म्हणाले, "गेल्या शनिवारी मुलं मागे होती." मी काय बोलणार? मी जाऊन चहा करून आणला.

समजा आम्ही ठरल्याप्रमाणे किट बसवलं असतं. मान डोलणं थांबलं असतं, गाडी घट्ट वाटली असती, आजोबांनी माझं कौतुक केलं असतं. आणि घट्ट वाटते म्हणून ती अजून थोडी जोरात पळवली असती, त्याच एका आट्यावर.

पुढचे तीन वीकांत दोन्ही बाजूंचे किंगपिन, ट्रनियन, खालच्या आर्मचे रबरी बुश यांत गेले. हे सगळं इथे नवं मिळतं, ही या देशातली हेवा वाटण्यासारखी गोष्ट. उजवी बाजू डावीइतकी वाईट नव्हती, पण चांगलीही नव्हती. एकदा मी डाव्या बाजूचा ट्रनियन उजव्या किंगपिनवर चढवायला अर्धा तास झटत होतो, तेव्हा आजोबांनी शांतपणे आठवण करून दिली की आटे उलटे असतात. टॉर्शन बारही डावा-उजवा बदलायचा नसतो, एका दिशेला पिळायची त्याला सवय झालेली असते. तेवढं मात्र मी आधी वाचलं होतं.

शॉकअपचं काय? मला अजूनही वाटतं की नळीवाला जास्त चांगला. पण आजोबांनी विचारलं, "जुने दुरुस्त होऊन मिळतात ना?" मिळतात. मग दुरुस्त केलेले लिव्हर शॉकअप बसवले. मी फार वाद घातला नाही, वाद घालायची माझी पत राहिली नव्हती. किटचं खोकं गॅरेजच्या माळ्यावर आहे.

काल चक्कर मारली. काउलीच्या कारखान्यावरून गेलो, जिथे आता बीएमडब्ल्यू कंपनी मिनी बनवते. स्पीडब्रेकर आला, गाडी एकदा खाली गेली, वर आली आणि थांबली. गाडीच्या खणात आजोबांची एक जुनी वही असते, तिच्यात आता नवं पान आहे. चार निपल, दोन वरचे, दोन खालचे, समोर तारीख आणि मैल. पहिली ओळ माझ्या अक्षरात आहे, कारण आजोबांचे हात ग्रीसचे होते. पुढचं ग्रीसिंग हजार मैलांनी, आजोबांच्या शनिवारच्या हिशोबाने मे महिन्याच्या आसपास. माझा व्हिसा मार्चपर्यंत आहे. म्हणून थोरल्या नातवाला, तो नऊ वर्षांचा आहे, काल संध्याकाळी चटईवर आडवं पाडून खालचा निपल कुठे असतो ते दाखवून ठेवलं. जुनं ग्रीस बाहेर येताना बघून तो जाम खूश झाला.